ब्रेक ऑइललाही तारीख असते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पावसाळ्याआधी गाडीचं काय काय तपासून घ्यावं, याची चौकट आली होती. टायरची नक्षी, वायपरचं रबर, बॅटरी, दिवे, ब्रेकचे पॅड, सगळं होतं. ब्रेक ऑइलचा मात्र उल्लेख नव्हता. ती चौकट मी दोनदा वाचली, कदाचित खालच्या ओळीत असेल म्हणून. गेल्या मे महिन्यात या एका गोष्टीमुळे आम्ही तिघं माळशेज घाटात रस्त्याच्या कडेशी थांबलो होतो. त्यामुळे हे पत्र लिहिल्याशिवाय मला राहवेना. जरा लांब होईल, पण जमलं तर पूर्ण छापावं ही विनंती.

मी पाचपाखाडीत राहते. पोस्टात एकतीस वर्षं काउंटरवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमची गाडी २००७ सालची वॅगन-आर. ह्यांनी घेतली, ह्यांनीच चालवली आणि २०१९ मध्ये हे गेल्यावर ती माझ्याकडे आली. विकून टाका म्हणून पुष्कळांनी सांगितलं. मी विकली नाही. २०२२ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून, तपासणी करून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. पीयूसी दर सहा महिन्यांनी, विमा दर वर्षी, एक दिवस इकडचा तिकडे नाही. गाडी चालते फारच कमी. बाजार, सासूबाईंचा दवाखाना आणि वर्षातून दोनदा ओतूरजवळचं आमचं गाव. वर्षाला चार हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत. आणि इथेच माझा समज चुकीचा होता. मला वाटायचं, गाडी चालतच नाही तर तिच्यातलं काय खराब होणार?

मे महिन्यात गावातलं लग्न उरकून आम्ही परत निघालो. मागे सासूबाई (वय ८२), शेजारी माझा भाचा. माळशेजचा बोगदा मागे टाकून उताराला लागलो. पुढे कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो होता. त्याला ओलांडायला जागा नव्हती आणि मला घाईही नव्हती. मी तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर हलका पाय ठेवून त्याच्या मागे उतरत राहिले. दहा-बारा मिनिटं अशीच गेली असतील. मग एका वळणाआधी पाय दाबला आणि पॅडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. तळाला टेकलं. गाडी धीमी झाली नाही.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण असं कोणावरही येऊ शकतं. पॅडल भराभर तीन-चारदा मारलं, तेव्हा थोडा जोर मिळाला. दुसरा गिअर टाकला, मग पहिला. इंजिन ओरडलं. हँडब्रेक एकदम न खेचता, बटण दाबून धरूनच हळूहळू वर घेतला. डोंगराच्या बाजूला पाणी वाहून जायची चर होती. तिच्या कडेला गाडी घासत घासत थांबली. सासूबाईंना काहीच कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आलं का गं घर?"

पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. आम्ही चाकांना दगड लावले आणि बसून राहिलो. तासाभराने पाय ठेवून पाहिला तर पॅडल अगदी पूर्वीसारखं घट्ट. जणू काही झालंच नव्हतं. त्यानंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मोरोशीपर्यंत उतरले आणि पुढे मुरबाड, कल्याण करत घरी पोचलो. घरी येईपर्यंत ब्रेक उत्तम लागत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका जागेचा नाही. त्यांनी गाडी चालवून पाहिली, पॅड पाहिले, बॉनेट उघडून टाकीतली पातळी पाहिली. "मॅडम, पॅड चांगले आहेत, ऑइल फुल आहे, ब्रेक ओके आहे. घाटात तुम्ही जास्त दाबले असतील." बिलावर 'ब्रेक तपासले' असं लिहून दिलं. त्या बिलावर विसंबून मी परत घाटात गेले असते, तर आज हे पत्र मी लिहीत नसते.

माझ्या मनाचं समाधान होईना. ह्यांचे जुने स्नेही म्हणाले, चरईतल्या गल्लीत एक छोटं गॅरेज आहे, तिथे दाखवून बघा. तिथले मिस्त्री साठीच्या घरातले. मी घाटातली हकीगत सांगितली तेव्हा त्यांनी गाडी चालवूनसुद्धा पाहिली नाही. पहिला प्रश्न विचारला, "काकू, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?"

मी म्हटलं, "पातळी तर भरलेली आहे."

"पातळी नाही विचारली. बदललं कधी?"

घरी येऊन ह्यांची फाइल काढली. हे प्रत्येक बिल तारखेनुसार लावून ठेवायचे. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, सगळ्याच्या नोंदी होत्या. ब्रेक ऑइलपुढे चार वेळा 'टॉप-अप' लिहिलेलं सापडलं. 'बदललं' असं शेवटचं बिल २०१३ सालचं होतं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी बदला असं छापलेलं आहे. पुस्तिका तेव्हाही डॅशबोर्डच्या कप्प्यातच होती.

आता मिस्त्रींनी मला जे समजावलं आणि नंतर मी स्वतः वाचून खात्री केली, ते लिहिते. आपण सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतो. माझ्या मते हा शब्दच आपली दिशाभूल करतो, कारण ते तेल नाही. आपल्या नेहमीच्या गाड्यांत असतो तो ग्लायकॉल जातीचा द्रव, आणि हवेतली ओल शोषून घेणं हा त्याचा गुणधर्म आहे. मिठाची बरणी पावसाळ्यात उघडी राहिली की काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे; तसंच. टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून, चाकांकडे जाणाऱ्या रबरी होसमधून ओल आत झिरपत राहते, गाडी धावो की पार्किंगमध्ये उभी राहो. उलट कमी चालणाऱ्या गाडीकडे कोणाचं लक्षच जात नाही, आणि किलोमीटर मोजून सर्व्हिसिंग करणाऱ्याची पाळी कधी येतच नाही. आणि हे आपलं खाडीकाठचं ठाणं, जिथे चार महिने कपाटातल्या चपलांना बुरशी येते!

ओल गेल्याने बिघडतं काय? ब्रेक दाबला की पायाचा जोर या द्रवातूनच चाकांपर्यंत पोचतो, कारण द्रव दाबला तरी आक्रसत नाही. पाणी मिसळलं तरी तो आक्रसत नाहीच, त्यामुळे ठाण्यातल्या सपाट रस्त्यावर रोज ब्रेक अगदी चांगला लागतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. फरक पडतो तो उकळण्याच्या तापमानात. डॉट-३ प्रकारचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच किमान मर्यादा १४० वर येते. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की पॅड आणि डिस्क भयंकर तापतात. ती उष्णता कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या, द्रवात उतरते आणि आतलं पाणी उकळून वाफ होते. वाफ दाबली की आक्रसते. मग पायाचा सगळा जोर त्या वाफेचे बुडबुडे दाबण्यातच संपतो, चाकापर्यंत काही पोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पॅडल घट्ट लागतं. म्हणून तासाभराने माझे ब्रेक 'बरे' झाले होते, म्हणून वर्कशॉपमध्ये त्यांना काही सापडलं नाही. गाडीला ब्रेकची दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं वाचवतं, असं भाचा म्हणत होता. ते खरं आहे, गळती झाली तर वाचवतं. पण दोन्हीत ऑइल एकाच टाकीतलं, तेवढंच जुनं, आणि पुढची दोन्ही चाकं सारखीच तापलेली.

टॉप-अपचा काही उपयोग नाही, हेही मला तेव्हाच कळलं. वर चमचाभर नवं घातल्याने खाली चाकापाशी साचलेलं जुनं हलत नाही, तिथे ते पुन्हा पुन्हा फिरून येतच नाही. शिवाय पातळी खाली जाते ती दोन कारणांनी. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि द्रव तिकडे जातो, किंवा कुठेतरी गळती असते. दोन्ही वेळेला कारण शोधायला हवं. डबा आणून ओतून टाकला की ते कारणच झाकलं जातं.

मिस्त्रींनी टाकीचं झाकण उघडून दाखवलं. आतला द्रव कोऱ्या चहासारखा काळपट, तळाला गाळ. त्यांनी पेनसारखं एक टेस्टर बुडवलं, लाल दिवा लागला. पण ते म्हणाले, रंगावर आणि या पेनावर पूर्ण भरवसा ठेवू नका. पाणी शोषलेलं ऑइल दिसायला स्वच्छही असू शकतं, आणि पेन फक्त टाकीतलं सांगतं, चाकातलं नाही. भरवशाची एकच गोष्ट, बदलल्याची तारीख. एकतीस वर्षं तारखेचे शिक्के मारले आहेत मी, हे वाक्य मला थेट लागलं.

काम करायला मी स्वतः बसले. एरवी आपण चावी देऊन निघून येतो, या वेळी मी हट्टाने थांबले. आदल्या दिवशीच चारही चाकांच्या निपलवर, म्हणजे जुनं ऑइल बाहेर काढायच्या बारीक तोंडांवर, गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. जुन्या गाडीत हे निपल गंजून बसलेले असतात, घाईत उघड्या तोंडाचा पाना लावला की कडा गोल होतात किंवा निपल तुटतो. त्यांनी आठचा रिंग पाना वापरला, आधी हातोडीने हलके ठोके दिले. मोठ्या सिरिंजने टाकीतलं काळं ऑइल उपसलं, टाकी पुसली आणि माझ्यासमोर नव्या डब्याचं सील तोडून भरली. झाकण उघडून महिनोन्महिने ठेवलेला डबा वापरायचा नसतो, तोही तितकीच ओल पितो. सुरुवात टाकीपासून सर्वांत लांबच्या चाकाने, म्हणजे मागच्या डाव्या. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. प्रत्येक गाडीचा क्रम हाच असतो असं नाही, पुस्तिकेत पाहावं लागतं.

एक गोष्ट त्यांनी केली ती मला आजही आठवते. मला सीटवर बसवण्याआधी पॅडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला. मी विचारलं हे कशाला. म्हणाले, "रोजच्या वापरात पॅडल कधी तळापर्यंत जात नाही. मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे पॅडल दाबलं की द्रवाला दाब देणाऱ्या नळकांड्यातला, रबरी वायसर वर्षानुवर्षं ठरावीक टप्प्यातच फिरतो. त्याच्या पुढच्या भागात गंज नि मळ बसलेला असतो. आता ऑइल काढताना पॅडल तळाला नेलं, तर वायसर त्या गंजावर घासून कापला जातो. आज ऑइल बदललं आणि उद्या मास्टर सिलिंडर गेला, असं लोक सांगत येतात ना, ते यामुळे." जुन्या गाडीत ऑइल बदलूच नका, बदललं की बिघडतं, असं मला दोघातिघांनी आधी सांगितलं होतं. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. मध्ये ठोकळा नव्हता, एवढंच.

"दाबा." मी दाबलं. "धरा." ते निपल सैल करत, पॅडल सावकाश खाली जाऊन ठोकळ्याला टेके. निपल घट्ट झाल्याशिवाय "सोडा" म्हणत नसत. मधेच पाय उचलला तर हवा आत ओढली जाते. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीत थोड्याशा ऑइलमध्ये बुडवलेलं. माझ्याकडून एकदा पाय घाईने सुटला, तर त्या चाकाचं काम त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केलं, कुरकुर न करता. डाव्या चाकाच्या नळीतून आधी जवळजवळ काळं आलं, मग विटकरी, मग मधासारखं आणि शेवटी स्वच्छ, नव्या डब्यातल्यासारखं. मधे मधे टाकी रिकामी तर होत नाही ना, हे बघायचं काम भाच्याकडे होतं.

मागच्या डाव्या चाकाचा ड्रम काढला तेव्हा त्यांनी व्हील सिलिंडरची, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याची, रबरी टोपी नखाने उचलून दाखवली. आतून तपकिरी पाण्याचा थेंब घरंगळला. त्यांच्या अंगठ्यावर तो थेंब आणि त्यात गंजाचे कण. पिस्टन एका बाजूने जाम होता, म्हणजे ते चाक किती दिवस नीट ब्रेक लावतच नव्हतं कोण जाणे. तो सिलिंडर बदलला. पुढचे दोन्ही होस वाकवून पाहिले, भेगा पडल्या होत्या, तेही बदलले. हे सुटे भाग वेगळे धरले, तर ऑइल आणि मजुरी मिळून मला ९५० रुपये लागले. अर्ध्या लिटरचे दोन डबे गेले.

वाचकांना गॅरेजमध्ये विचारता येतील अशा दोन-तीन गोष्टी सांगते. कुठलं ऑइल घालायचं ते टाकीच्या झाकणावरच कोरलेलं असतं. डॉट-५ हा सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे, तो डॉट-३ किंवा डॉट-४ मध्ये कधीही मिसळू नये. नाव सारखं वाटलं तरी डॉट-५.१ मात्र ग्लायकॉलचाच. आणि 'ऑइल' या शब्दामुळे कोणी चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल त्या टाकीत ओतलं, तर आतली रबरं फुगून सगळी यंत्रणाच बदलावी लागते. ते एक चमचाही चालत नाही. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत काही वेळा संगणक लावूनच आतलं ऑइल काढावं लागतं, तेव्हा तशी सोय असलेल्या ठिकाणीच जावं. गाडीच्या रंगावर ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग सोलून येतो.

काढलेलं जुनं ऑइल बाटलीत भरून झाकण लावून ठेवलं होतं. गल्लीतलं दुसरं एक गॅरेज ते सरळ गटारात ओतताना मी पाहिलं आहे. आपली गटारं शेवटी खाडीलाच मिळतात. त्याच ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, फ्लेमिंगो बघायला आपण मुलांना घेऊन जातो. महापालिकेने प्रभागवार अशा वापरलेल्या द्रवांसाठी एखादं संकलनाचं ठिकाण ठरवून दिलं, तर गॅरेजवाले तिथे नेऊन देतील. निदान चरईतल्या मिस्त्रींनी मला तसं सांगितलं.

परिवहन विभागालाही एक विनंती आहे. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी वाढवताना तपासणी होते. त्या तपासणीत ब्रेक ऑइल बदलल्याचं दोन वर्षांच्या आतलं बिल पाहावं. त्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त कागद लागतो. आज पीयूसीचा कागद मागतात, विम्याचा मागतात, मग हाही मागायला काय हरकत आहे? घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या उताराला माझ्यापुढे एखादी वीस वर्षांची गाडी असली, की मला आता तिच्या धुरापेक्षा तिच्या ब्रेकची काळजी वाटते.

आणि गॅरेजवाल्या बंधूंना कळकळीचं सांगणं. इंजिन ऑइल बदललं की तुम्ही पुढच्या किलोमीटरचं स्टिकर लावता. तसंच एक स्टिकर ब्रेक ऑइलच्या टाकीजवळ लावा. त्यावर किलोमीटर नको, महिना आणि वर्ष लिहा. आमच्या इमारतीत दहा वर्षांपुढच्या नऊ गाड्या आहेत. मी प्रत्येक घरी जाऊन विचारलं. दोघांनाच तारीख सांगता आली. बाकीच्या सातांपैकी पाच जणांनी आता काम करून घेतलं आहे. एक काका म्हणाले, मी घाटात कुठे जातो? त्यांना मी मुंब्रा बायपासचा उतार आठवून दिला. उरलेल्या दोघांच्या मी मागे आहे.

माझ्या गाडीच्या टाकीजवळ मिस्त्रींनी पांढऱ्या पट्टीवर पेनाने महिना-वर्ष लिहून वर सेलोटेप लावली आहे. गणपतीत आम्ही पुन्हा गावी गेलो. माळशेज उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली, ब्रेक लागेल तेव्हाच दाबला आणि सोडला. सासूबाई या वेळीही मागे झोपल्या होत्या.

ती चौकट आपण पुढच्या मोसमात पुन्हा छापालच. तेव्हा 'ब्रेकचे पॅड' या ओळीखाली एवढीच एक ओळ वाढवावी: 'ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर पूर्ण बदला, पातळी भरलेली असली तरीही.'

आपली,
एक नियमित वाचक
पाचपाखाडी, ठाणे (प.)